कोपऱ्यात तडा गेलेली पाटी

मुलांनो, जरा डोळे मिटा. डोळे मिटून वाचायचं कसं, असं विचाराल, तर मनातले मिटा. कल्पना करा, तुम्ही एका पांढऱ्या अरुंद बोगद्यात उताणे निजला आहात. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी स्पंज ठासलेत. कानात बोळे आहेत, तरी कुणीतरी जवळच पत्र्याच्या पिंपावर बडवतंय असा आवाज येतोय. डोळ्यांच्या वर छोटासा आरसा आहे आणि त्यात एकामागून एक चित्रं दिसताहेत. किटली. बैलगाडी. कुलूप. विहीर. उजव्या हातात दोन बटणं. घरातली वस्तू असली की पहिलं दाबायचं, घराबाहेरची असली की दुसरं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मान तर मुळीच हलवायची नाही.

आणि मी पडले अडतीस वर्षं चौथीला शिकवलेली बाई. बरोबर उत्तर आलं की माझी मान आपोआप डोलते.

"मगदूम बाई, मान," काचेपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. "छान चाललंय, फक्त मान."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बासष्टची होते. आमच्या मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात हे यंत्र होतं. रविवारी रोग्यांची गर्दी नसते, म्हणून पुण्याच्या डॉ. ऋता सबनीस त्या दिवशी तिथे संशोधन करायच्या. वय वाढलं की आठवणींचं काय होतं, हे त्यांना मेंदूच्या आत डोकावून बघायचं होतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर त्यांनी चिठ्ठी लावली होती, की कुठलाही मोठा आजार नसलेली साठीच्या पुढची साठ माणसं हवीत. संघात हशा पिकला. असं माणूस मिरजेत सापडलंच तर आधी त्याचाच फोटो काढून भिंतीला लावा, असं कुणी तरी म्हणालं. मी मात्र नाव दिलं. शिकवणं सुटलं तरी शिकायची खोड सुटत नाही.

मशीनमध्ये मी नव्वद चित्रं पाहिली. मग चहा-बिस्किटं झाली, तासभर गप्पा झाल्या आणि डॉक्टरांनी माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला. त्यावर ती नव्वद चित्रं होती आणि त्यांत तेवढीच नवी मिसळलेली होती. प्रत्येक चित्राला "पाहिलं" किंवा "नाही पाहिलं" म्हणायचं आणि खात्री किती तेही सांगायचं. मी खणखणीत उत्तरं दिली. पाटीचं चित्र आलं तेव्हा तर त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, की पाहिली, अगदी नक्की, लाकडी चौकटीची होती आणि खालच्या कोपऱ्यात तडा होता. डॉक्टरांनी ते शब्द तसेच टिपून घेतले.

निघताना त्या म्हणाल्या, "बाई, पुढच्या लोकांनाही हीच चित्रं दाखवायची आहेत. तेव्हा बाहेर कुणाला सांगू नका." मी मान डोलावली.

आता दस्तगीरभाईंची ओळख करून देते. आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांची एक गल्लीच आहे. तिच्या टोकाला माझं घर, आणि माझ्या समोर दस्तगीरभाईंचं दुकान. भोपळे वाळवणं, दांडी बसवणं ही कामं त्यांचा मुलगा यासीन करायचा. जवारी मात्र दस्तगीरभाईच काढायचे. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या पट्टीवर टेकते, ती कानशीने केसाएवढी घासत घासत तार घुमायला लावायची, याला जवारी म्हणतात. त्यासाठी धारवाडपासून गवई त्यांच्याकडे यायचे.

तर त्या वर्षी धारवाडचाच एक गवई आला. तंबोरा आज देतो, असा शब्द दस्तगीरभाईंनी त्याला दिला होता. तंबोरा तयार नव्हता, इतकंच नाही, तर शब्द दिल्याचंच त्यांना आठवेना. माणूस हात हलवत परत गेला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकाच्या बाबतीत तसंच झालं. तेव्हा यासीन म्हणाला, की अब्बा, आता दुकानाची किल्ली माझ्याकडे द्या आणि घरी आराम करा.

किल्ली द्यायची म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस वर्षं ती त्यांच्या बंडीच्या खिशात होती. सकाळी दुकान त्यांनीच उघडायचं आणि दिवाबत्तीच्या वेळी त्यांनीच बंद करायचं. त्यांनी यासीनला सांगितलं, की पुण्याच्या डॉक्टरीणबाई डोक्याच्या आतला फोटो काढतात. फोटोत डोकं साबूत निघालं तर किल्ली माझी, नाही तर तुझी. यासीन म्हणाला, बरं, फोटो बघू.

माझा रविवार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. बरोबर त्यांची नात शिरीन होती. ती यासीनची मुलगी, चौथीतली, रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायची. अक्षरंसुद्धा ती माझ्याच घरी शिकली होती. आजोबांना ती दादा म्हणायची. दस्तगीरभाई उंबऱ्यात बसले. बराच वेळ ते बोटांवरची हाडाची पांढरी पूड झटकत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "पेपर कसा होता?"

तो पेपर नव्हता, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण 'पेपर' म्हटल्यावर माझ्यातली बाई उठून बसली. ते पुढे म्हणाले, "डोकं उतरत चाललंय, बाई. तार उतरते ना, तसं. नावं सुटतात, वार सुटतात. हात ठीक आहेत. पण हातांचा फोटो कोण काढतंय? रविवारी माझा नंबर आहे. नापास झालो तर यासीनपुढे तोंड नाही."

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि आठवतील तितकी चित्रं लिहून काढली. चौपन्न भरली. त्यांत पाटीही होती, तड्यासकट.

मग आमचा आठवडाभर वर्ग भरला. मी त्यांना चित्रांची साखळी करून दिली. किटली बैलगाडीत ठेवली, बैलगाडी विहिरीवर नेली, विहिरीला कुलूप लावलं. पुढची जबाबदारी शिरीनने उचलली. आजोबा कानस चालवत आणि ती समोर मांडी घालून पाढे घ्यावेत तशी चित्रं घेई. चुकले की म्हणे, "दादा, लक्ष कुठाय? परत पहिल्यापासून." हे सगळं मी तिचे पाढे घेतानाच्या माझ्याच सुरात. दस्तगीरभाई हसत आणि निमूट पुन्हा सुरुवात करत. गुरुवारपर्यंत त्यांची चौपन्नच्या चौपन्न पाठ झाली.

शुक्रवारी शिरीनने गणित सोडवता सोडवता मला विचारलं, की बाई, हे चालतं का? मी म्हटलं, आपण मदत करतोय गं, कॉपी थोडीच करतोय? तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्या दिवशी तिची तीन गणितं चुकली. एरवी तिचं एकही चुकत नसे.

रविवारी आम्ही चौघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. यंत्रात मोठं लोहचुंबक असतं, त्यामुळे अंगावर धातूचं काहीही चालत नाही. दस्तगीरभाईंनी घड्याळ यासीनकडे दिलं. मग बंडीच्या खिशातून किल्ली काढली. ती यासीनच्या हातात द्यावी की न द्यावी, अशा विचारात क्षणभर धरून ठेवली, आणि शिरीनच्या तळहातावर ठेवली.

ते आत गेल्यावर यासीन बाकावर माझ्या शेजारी बसला. तोही माझाच विद्यार्थी. लेकीला म्हणाला, की तुझ्या या बाई फार खतरनाक, चौथीत मला यांनी कसं पकडलं माहितेय? परीक्षेत प्रश्न होता, उंटाच्या वशिंडात काय असतं? शेजारच्या पोराने लिहिलं खजूर. मीही त्याचं बघून लिहिलं खजूर.

शिरीन खुदकन हसली. "मग?"

"मग काय, दोघं ओणवे. बाई म्हणाल्या, बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं रे. चूक सारखी आली की समजावं."

यासीन हसत होता. मीही हसले. माझ्या मनात काही आलं नाही, हे आज खरं वाटत नाही, पण नाहीच आलं.

तासाभराने दस्तगीरभाई बाहेर आले, ते जरा खुशीत होते. डॉक्टर मागोमाग आल्या. आत त्रास झाला का, असं त्यांनी विचारलं. दस्तगीरभाई म्हणाले, त्रास कसला, मशीन पेटीच्या पांढरी चारमध्ये लागलंय, पण किंचित चढं आहे, कुणाला तरी बोलावून उतरवून घ्या. डॉक्टर पोट धरून हसल्या. इतकी माणसं या यंत्रात गेली, पण त्याचा सूर कुणी सांगितला नव्हता.

चहा झाला. लॅपटॉपवरची परीक्षाही झाली. मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. त्या आता हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. गणित जुळत नसलं की मूल जसं कपाळाला आठी घालतं, तशी त्यांची मुद्रा होती.

त्यांनी सांगितलं, की आतापर्यंत एकेचाळीस जण येऊन गेले आणि प्रत्येकाची वीस-पंचवीस चित्रं तरी सुटली. काकांची आठ-नऊच सुटली. यासीनने वडिलांकडे चमकून पाहिलं. दस्तगीरभाईंची पाठ ताठ झाली.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "पाटीचं चित्र कसं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? लाकडी चौकट. खालच्या कोपऱ्यात तडा."

डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. मागच्या रविवारी त्यांनी टिपलेले माझे शब्द त्यावर होते. लाकडी चौकट. खालच्या कोपऱ्यात तडा. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मशीनमध्ये पाटी दाखवलेलीच नाही. ती नंतर मिसळलेल्या नव्या चित्रांतली आहे. आणि त्या पाटीला तडा नाही."

मग यासीन, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाला, "खजूर."

मुलांनो, अडतीस वर्षांत मी किती पोरांना ओणवं केलं असेल, त्याचा हिशेब नाही. त्या दिवशी मला खुर्चीत बसवेना. पण कॉपी पकडली गेली, त्याहून दुसरीच भीती मोठी होती. मी ती पाटी पाहिली होती. माझ्या डोळ्यांपुढे ती आताही होती. मी तसं डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी मला सगळी नव्वद चित्रं पुन्हा एकेक करून दाखवली. शाळेचा फळा होता, खडू होता, दप्तर होतं. पाटी नव्हती. म्हणजे दस्तगीरभाईंचं राहू दे, माझंच डोकं उतरलं होतं की काय?

तेवढ्यात शिरीन बोलली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही.

"बाई, तडा तुमच्या पाटीला आहे. ज्या पाटीवर मी अ काढायला शिकले, तिला. आणि यादी बाईंनी लिहिली होती आणि दादांकडून पाठ मी करून घेतली."

पोरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आता मोठ्या माणसांना लपायला जागा उरली नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, की तुम्ही सांगू नका म्हणालात, मी मान डोलावली आणि घरी जाऊन यादी केली. पोरीचा यात दोष नाही. दस्तगीरभाई मध्येच म्हणाले, की बाईंचाही नाही, मी मागितलं म्हणून त्यांनी दिलं. मग ते उठले.

"शिरीन, किल्ली तुझ्या अब्बांना दे."

शिरीनने मूठ उघडली नाही.

डॉक्टरांना किल्लीचं काहीच माहीत नव्हतं. यासीनने त्यांना थोडक्यात सांगितलं. ऐकून त्या खुर्ची ओढून दस्तगीरभाईंच्या समोर बसल्या.

त्या म्हणाल्या, की काका, चूक माझीही आहे, मी तुम्हाला नीट समजावून सांगितलं नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्त जास्त धावतं. ते यंत्राला कळतं. तुम्ही एखादं चित्र बघता, त्या क्षणी कुठला भाग जागा झाला, ते आम्ही टिपतो. नंतर विचारतो, कुठली चित्रं आठवतात. मग आठवलेली एका बाजूला ठेवतो, विसरलेली दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोन्ही वेळी मेंदूत काय वेगळं झालं, ते बघतो. तेही एकट्या माणसाचं बघून काही कळत नाही. साठ माणसांचं एकत्र केल्यावर कुठे थोडं दिसायला लागतं. या फोटोवरून कुणाचं डोकं साबूत आणि कुणाचं नाही, हे मला सांगताच येणार नाही.

"म्हणजे मी नापास नाही?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"नापास कसे व्हाल? मला तुमचं विसरलेलं हवं होतं, काका. जितकं आठवलेलं हवं, तितकंच विसरलेलं. तुम्ही जवळजवळ काही विसरलाच नाहीत, तर मी आठवलेल्याची तुलना कशाशी करू? तुमचा आजचा तासभर मला बाजूला ठेवावा लागणार."

दस्तगीरभाई त्यांच्याकडे बघत राहिले. विसरल्याबद्दल आजवर कुणी त्यांना असं काही म्हटलं नसावं.

शिरीनने विचारलं, "विसरलेलं पण लिहून ठेवता?"

"हो. त्याची जागा सोडावी लागते."

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. माझी पाटी मात्र त्यांना हवीच होती. फळा, खडू, दप्तर बघून माझ्या मेंदूने आपल्या पदरची पाटी त्यांत ठेवून दिली होती. पाटीचं चित्र समोर आल्यावर ती पाहिल्याचं मला वाटलं, त्याचं कारण हे. असं तरुण माणसांचंही होतं, वय वाढलं की थोडं जास्त होतं, आणि ते कसं होतं हाही त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी यादी करू नका." शेवटी दस्तगीरभाईंना त्यांनी सांगितलं, की माझ्याकडे चित्रांचा दुसरा संच आहे, पुढच्या महिन्यात या आणि मनापासून विसरा.

यासीन इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "ते सगळं खरं, डॉक्टर. पण गिऱ्हाईक परत जातं, त्याचं काय करू?"

विसरण्याची काळजीच वाटत असेल तर एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, त्या तपासण्या निराळ्या असतात, एवढं त्या बोलल्या. त्यांनी नाव आणि पत्ता लिहून दिला.

परतताना रिक्षात किल्ली कुणी मागितली नाही आणि शिरीनने दिली नाही.

मी घरी येऊन नुसती बसले होते. चार वाजले असतील. शिरीन दारात आली. "बाई, तुमची पाटी द्या," म्हणाली. कशाला, असं मी विचारलं नाही. फडताळातून पाटी काढली. लाकडी चौकट, खालच्या कोपऱ्यात तडा. पेन्सिलीचा तुकडाही सापडला. ती निघाली तशी मीही चपला घालून तिच्यामागे गेले.

समोर दुकानाच्या पायरीवर दस्तगीरभाई आणि यासीन बसले होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दुकानाला कुलूप आणि किल्ली पोरीकडे. शिरीनने कुलूप काढलं, किल्ली आजोबांच्या बंडीच्या खिशात टाकली आणि त्यांच्या बसायच्या जागेजवळच्या भिंतीकडे बोट दाखवून वडिलांना म्हणाली, "इथे खिळा."

यासीन आत जाऊन हातोडी घेऊन आला. दोन ठोक्यांत त्याने खिळा बसवला.

दस्तगीरभाई आपल्या चटईवर बसले. शिरीन पाटी मांडीवर घेऊन समोर बसली, आठवडाभर बसायची तशीच.

"दादा, या आठवड्यात कुणाकुणाचं काम द्यायचंय?"

त्यांनी डोळे मिटले. सांगलीच्या गायनशाळेचा तंबोरा, मंगळवारी. तिने लिहिलं, एक. कुरुंदवाडच्या देसाईबाईंची जवारी, गुरुवारी. दोन. जमखंडीच्या बुवांचा तंबोऱ्यांचा जोड, शनिवारी. तीन.

"अजून एक आहे," ते म्हणाले. कपाळावरून हात फिरवला. "नक्की आहे. कुणाचं, ते येत नाही."

यासीनने सांगायला तोंड उघडलं, पण त्यालाही ते माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यातली शिरीन म्हणाली असती, की दादा, लक्ष कुठाय, परत पहिल्यापासून. मी तिच्याकडे बघत होते. तिने पेन्सिल जिभेला लावली, तिनाच्या खाली ठळक चार काढला, पुढची जागा कोरी सोडली, आणि पाटी खिळ्याला टांगली.